वर टाचलेली चिठ्ठी

मंठा सोडून जालन्यात राहायला आल्यावर मी नव्या डॉक्टरांना निमूट शरण गेलो, असे माझा मुलगा सांगत असतो. ते साफ खोटे आहे. मी परत फिरण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात त्या दवाखान्यातील कंपाउंडरने माझ्या मंठ्याच्या डॉक्टरांची चुरगळलेली चिठ्ठी मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केली आणि ओळीओळीवर बोट ठेवून वाचली.

"फेका ती, मामू. आता नवी भेटंल," मुलगा कंपाउंडरला म्हणाला.

"फेकायची कशाला? ह्याच गोळ्यांवर काका इतकी वर्षं बराबर चालून राह्यले न्हाई का?"

असे म्हणत कंपाउंडरने ती चिठ्ठी माझ्या नव्या फाइलीत सर्वांत वर टाचली. त्यानंतरच मी आत गेलो. शरण जाणारा माणूस असली फाइल घेऊन जात नसतो.