एकटीला जोडता येतील असे फोर्क

आमच्या छोट्या ट्रॅक्टरला पुढं लोडर, म्हणजे ओझं उचलायचे लोखंडी हात, बसवलेला आहे. सकाळी गोठ्यातलं शेण ओढायला त्याला बकेट लागते. शेण झालं की बकेट काढून फोर्क लावायचे, म्हणजे लाकडी पॅलेटखाली सरकवायचे दोन लांब लोखंडी दाते. मुरघासाचे, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गठ्ठे पॅलेटवर येतात आणि माणसाच्या हातानं ते हलत नाहीत. ही अदलाबदल रोजची, आणि दोघांशिवाय व्हायची नाही. मी सीटवर बसून लोडर केसभर वर, केसभर खाली करायची. माझे मालक पुढं वाकून भोकाला भोक जुळतंय का ते बघायचे. “वर घे. आजून. आगं थांब की!” भोकं जुळली की हातोड्यानं पिन ठोकायचे. बाई ट्रॅक्टरवर आणि गडी खाली, हे बघून जामखेड रोडनं जाणारे लोक आधी हसायचे. पुढं त्यांनाही सवय झाली.

एका थंडीत हातोडा त्यांच्या हातातून निसटला. “बोटं आखडली,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा निसटला. मग सदऱ्याची बटणं लागेनात, मग ताटातला घास बोटांत धरवेना. सावेडीतल्या डॉक्टरांनी पुण्याला तपासण्यांसाठी पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं. नसांचा आजार आहे, हातपाय हळूहळू सुटत जातील, नंतर बोलणं, गिळणं. औषध थोडं लांबवेल, पण बरं करणार नाही.

परत येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. मी पदर तोंडाला लावून बसले होते. गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, “फोर्क बदलाया पायजेत.”

मला इतका राग आला की रडूच थांबलं. “आत्ता फोर्क सुचतात तुम्हाला?”

“मग कवा? बोलता येतंय तवर बघून घिऊ. त्ये क्विक हिच आसतंय बघ, पिना ठोकायच्याच न्हाईत. एकट्या मानसाला जमतंय.”

एकटं माणूस म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. काही दिवस मी विषय टाळला. सकाळी धाकटे दीर येऊन पिना ठोकून देत होते, पण त्यांची कंपनीत पाळीची नोकरी. पहिली पाळी आली की गठ्ठे तसेच राहायचे आणि गायी दावणीला हंबरायच्या. शेवटी मलाच म्हणावं लागलं, चला, बघून येऊ.

आधी केडगावातल्या एका दुकानात गेलो. तिथं बकेटच्या ओठाला, म्हणजे पुढच्या धारेला, आवळून बसवायचे फोर्क होते. बकेट काढायची भानगडच नाही. मला ते लगेच पसंत पडले. खरं तर मला काहीही पसंत पडलं असतं, मला फक्त तिथून घरी जायचं होतं. त्यांनी मान हलवली. “बकेटीचा ओठ वाकंल. आन् गठ्ठा येवढा फुडं गेला तर मागली चाकं उचलतील. तू सीटवर आसशील.”

मग शहराबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथले मिस्त्री वयस्कर होते, स्वभावानं मोकळे. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ह्यांना बसवलं आणि जाडजूड, लांब फोर्क दाखवले. “ह्ये घ्या दाजी. जन्मात वाकनार न्हाईत.”

“आमचा ट्रॅक्टर ल्हान हाय,” हे म्हणाले. तेव्हा त्यांची जीभ जड व्हायला लागली होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा यायचा. “फोर्काचं वजनबी त्येलाच उचलायचंय. आखूड दाखवा. हलकं.”

मिस्त्रींनी आखूड जोडी काढली आणि ती किती लांब, किती जाड, ते ह्यांनाच सांगत बसले. हे मध्येच म्हणाले, “हिला इचारा. हीच चालवनार हाय.”

‘हीपण’ नाही, ‘हीच’. मी ट्रॅक्टरकडं बघत राहिले. तो आम्ही टेम्पोत घालून बरोबर नेला होता.

मिस्त्रींच्या माणसांनी लोडरला पुढं एक चौकट बसवली आणि आमची बकेटही तिच्यावर बसेल अशी करून दिली. काम दिसायला सोपं होतं. ट्रॅक्टर पुढं घ्यायचा, चौकटीची वरची कड फोर्कच्या पाठीत अडकवायची, थोडं मागं कलवून उचलायचं. मग खाली उतरून दोन्ही बाजूंचे दांडे दाबायचे, की पाचरीसारख्या पिना खालच्या भोकात जाऊन बसतात. मी दांडे दाबले. डावा बसला. उजवाही बसल्यासारखा वाटला. वर चढून लोडर उचलला आणि पुढं कलवला, तशी फोर्कची एक बाजू सुटली आणि सगळं लोखंड फरशीवर आदळलं.

जवळ कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मिस्त्री धावत आले. हे खुर्चीतून उठायला बघत होते आणि उठता येत नव्हतं. मी इंजिन बंद करून त्यांच्याकडं गेले.

“दांडा पडला म्हंजी पिन बसली, आसं न्हाई,” ते म्हणाले. “खाली वाकून बघायचं. पिन खालनं भाईर आलेली दिसली पायजे. दोन्हीकडनं. दिसल्याबिगर उचलायचंच न्हाई.”

उजवा दांडा माझ्या ताकदीला जड जात होता. ते त्यांनी बसल्या जागेवरून ओळखलं होतं. मिस्त्रींना सांगून दोन्ही दांड्यांना पाइपचा तुकडा वेल्ड करून ते लांब करून घेतले. मग मला म्हणाले, “आता कर. मला हाक मारायची न्हाई.”

मी केलं. “पुन्हा,” ते म्हणाले. पुन्हा केलं. “पुन्हा.” मिस्त्रींनी चहा मागवला, तो निवून गेला. कितव्यांदा तरी खाली वाकून पिन बघताना मला उठवेचना. मी तिथंच चाकापाशी बसले आणि परक्या माणसांसमोर मोठ्यानं रडले. मिस्त्री आणि त्यांची माणसं गुपचूप बाहेर गेली.

“मला नको हे,” मी म्हणाले. “मला पुढं तुम्ही पाहिजे.”



“मलाबी त्येच पायजे गं,” ते म्हणाले.

आम्ही आखूड फोर्क घेतले. ट्रॅक्टरच्या मागं वजनासाठी सिमेंटचा ठोकळाही त्यांनीच करून घ्यायला लावला. घरी त्यांची खुर्ची गोठ्याच्या तोंडाशी ठेवायला लागलो. मी फोर्क लावायची आणि ते बघायचे. सुरुवातीला काहीबाही सांगायचे. पुढं बोलणं समजेनासं झालं, तेव्हा मी पिना बघून त्यांच्याकडं वळायची आणि ते मान हलवायचे. नंतर मानही धरवेना. खुर्ची सुटून खाट आली. पुण्याला शिकणारी लेक सुट्टी काढून आली आणि चमच्यानं पाणी पाजत उशाशी बसून राहिली. पावसाळा सरता सरता ते गेले. सकाळची वेळ होती. दीर गायींना पाणी दाखवत होते आणि मी ह्यांचे पाय चोळत होते.

दहावा, तेरावा झाला. तेवढे दिवस गोठा दिरांनी आणि शेजाऱ्यांनी सांभाळला. दीर म्हणाले, “वहिनी, मी बघतो आजून थोडं दिस.” मी म्हटलं, नको, तुमची नोकरी आहे.

पहिल्या सकाळी मी शेण काढलं, बकेट सोडली, फोर्क अडकवले, दांडे दाबले. दोन्ही बाजूंनी वाकून पिना बघितल्या. सगळं इतकं पटकन झालं की मी तशीच वाकून राहिले. पूर्वी ह्या कामाला कितीतरी वेळ लागायचा. पिन अडली की हे तिला शिव्या द्यायचे, मला शिव्या द्यायचे, मग दम खायला टायरला टेकायचे आणि बोलायला लागायचे. पोरीला कुठल्या कॉलेजात घालायचं, ते तिथं ठरलं. माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हाही आम्ही तिथंच होतो. घरात आम्ही फारसं बोलायचो नाही. दोघंही दमलेले असायचो, समोर टीव्ही चालू असायचा. जे काही बोललो ते त्या लोडरपाशी, पिन बसत नव्हती तेव्हा.

गठ्ठा दावणीपाशी ठेवून मी इंजिन बंद केलं. दूधवाल्याची गाडी यायला अजून पुष्कळ अवकाश होता. पत्र्यावर ऊन येईपर्यंत मी सीटवर बसून राहिले. गायी खात होत्या.

आता दावणीच्या निम्म्या गायी विकल्या आहेत. उरलेल्या मला झेपतात. फोर्क चांगले आहेत. अजून कुठं वाकले नाहीत, दांडेही हलके चालतात. शेजारच्या वस्तीवरचे लोक बघायला येतात आणि असंच करून घ्यायचं म्हणतात. मी त्यांना पिना कशा बघायच्या ते दाखवते. लेक रात्री फोन करते आणि विचारते, “आई, एकटीला सगळं होतंय का?”

“होतंय,” मी सांगते आणि तिच्या परीक्षेचं विचारते.