उपासाची कळ

हे मी सांगतोय आणि बायको लिहून घेतेय, मला अक्षर येत नाही. मी थाप मारली की तिचा हात थांबतो, म्हणून खरंच सांगतो.

फाळणीला चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या साहेबांची बदली कलकत्त्याला झाली आणि त्यांचा स्वयंपाकी म्हणून मीही हिला घेऊन बागबाजारात आलो. तिथं माझ्या छातीत कळ यायला लागली. मधोमध जळजळ, गळ्यापर्यंत दाब, मग तासाभरानं आपोआप गायब. मी ठरवून टाकलं, हृदयच. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण तो हो म्हणाला असता तर? मरणाची भीती होतीच, त्याहून जास्त हिची काळजी. हिला बंगाली येत नव्हतं, बाजारातून एकटीला घरी येता येत नव्हतं. मी गेलो तर परमुलखात ही कुणाकडे बघणार? म्हणून हिला न सांगता मी परस्पर विठोबाशी बोलणी केली. देवा, कळ थांबव, दर एकादशी करीन. कळ थांबली नाही. वाटलं, आपलंच कमी पडलं. सोमवार धरला. कळ वाढली. मग गुरुवारही धरला.

आता माझा उपास म्हणजे स्वयंपाक्याचा उपास. सकाळी तूप सुटलेली साबुदाण्याची खिचडी, वर तळलेले बटाटे, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची झणझणीत आमटी, अधूनमधून मूठभर दाणे आणि चहा तर मोजायचाच नाही. एरवी दोनदा जेवणारा मी देवासाठी पाचदा खात होतो.

अशाच एका एकादशीला दुपारी घाटाच्या पायऱ्या चढताना कळ अशी आली की खालीच बसलो. मनात म्हटलं, चला, गंगा जवळच आहे, कुणाला उचलून आणायचा त्रास नाही. शेजारी एक म्हातारी जप करत होती. पांढरं लुगडं, कापलेले केस, ओठ सुकलेले. तिनं विचारलं, "काय झालं, बाबा?" तिकडं मुलाच्या वयाच्यालाही बाबा म्हणतात. मी मोडक्या बंगालीत छाती दाखवली.

"आज काय खाल्लंस?"

"काही नाही, आई. उपास आहे."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. फक्त साबुदाणा, बटाटे, दाण्याची आमटी..."

तिनं जप थांबवला. मग म्हणाली, "हा उपास मलाही शिकव, बाबा. अकरा वर्षांची असताना विधवा झाले, तेव्हापासून एकादशी करतेय. मला कुणी एवढं वाढलं नाही."

तिकडं विधवेनं एकादशीला पाणीसुद्धा घ्यायचं नसतं. समोर एवढी गंगा, आणि ती सकाळपासून कोरडी. मी मान खाली घातली. तिनं मात्र माझा दंड धरला आणि भर उन्हात गल्लीतल्या डॉक्टरबाबूंकडे नेलं. वाटेत सांगितलं की पद्मा नदीपलीकडचं, फाळणीत पाकिस्तानात गेलेलं घर सोडून आलेय, आता आज इथं, उद्या तिथं.

डॉक्टरबाबूंनी छातीला नळी लावली, पोट दाबलं, खाणं विचारलं. म्हणाले, हृदय ठीक वाटतंय, हे पित्त दिसतंय. तळलेलं आणि चहा बंद, पंधरा दिवसांनी दाखवा. पण घाम फुटला किंवा कळ हातात गेली तर लगेच या, देवाला विचारत बसू नका. मी निघताना ते म्हणाले, "तुमच्या आईला सांगा, उपासात अशा उन्हात हिंडू नये."

बाहेर आलो तर ती नव्हती. घाटावर गेलो, तिथंही नव्हती. पुढं कितीतरी एकादश्या शोधलं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही रडली, मग डब्यातले दाणे शेजारी देऊन आली. हळूहळू कळ कमी होत गेली. विठोबाला मी गाऱ्हाणं घातलं होतं, पण त्यानं काय करायचं तेही मीच ठरवून दिलं होतं आणि वर माझ्याच हातचं फराळाचं चापत होतो. त्यानं बिचाऱ्यानं उपाय पाठवायचा तर कुठून पाठवायचा? घाटावरून पाठवला. आता मागणं एवढंच, तुला बरं दिसेल ते कर.

एकादशी अजून करतो. मऊ भात खातो, लोक हसतात. पण सकाळी पाण्याचा पहिला घोट घेताना थोडा थांबतो. तिचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून आई म्हणतो, आणि मग पितो.