ताळेवाल्या बाई

उत्तर बरोबर असलं तरी बाई त्याला बरोबर म्हणत नसत. पाटी हातात घेऊन एवढंच विचारत, "ताळा केलास?" उत्तर उलटं पडताळून पाहायचं, तो ताळा. एकोणीसशे तीसच्या आगेमागे भवानी पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्यांचं नावच ताळेवाल्या बाई पडलं होतं. बाजारात लिंबंही त्या दोनदा मोजून घेत.

मसावि आणि लसावि यांचा ताळा त्यांनीच शिकवला. (मसाविला तेव्हा दृढभाजक म्हणत, मी आजचेच शब्द वापरते.) चार आणि सहा घ्या. मसावि दोन, लसावि बारा, त्यांचा गुणाकार चोवीस. आणि चार सक चोवीसच. "बघा, कुठं काही सांडलं का?" हे त्या अशा कौतुकानं म्हणत, की नियम जणू त्यांच्याच घरचा.

दिपोटी साहेब तपासणीला आले, तेव्हा बाईंची नोकरी कायम व्हायची होती. साहेबांनी मला दोन, चार आणि सहा यांचा लसावि विचारला. मी बारा लिहिलं आणि सवयीनं ताळा केला. मसावि दोन, म्हणजे चोवीस. पण तिन्ही संख्यांचा गुणाकार आला अठ्ठेचाळीस. मी बारा पुसून टाकलं.

"बरोबर होतं की. का पुसलंस?" साहेबांनी विचारलं.

"बाईंच्या ताळ्यात बसंना."

माझ्या ऐकण्यात चूक झाली, असं बाई सहज म्हणू शकल्या असत्या. त्यांनी पाटी नीट पाहिली. "चूक मुलीची नाही, साहेब. हा ताळा दोनच संख्यांना लागतो, हे मी सांगितलं नाही. खरं तर मलाच ठाऊक नव्हतं."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बाईंचं कायम होणं वर्षभर लांबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर संख्या फोडून दाखवल्या. चारमध्ये दोनदा दोन. सहामध्ये एक दोन, एक तीन. लसाविनं दोनदा दोन आणि तीन घेतले, उरलेला दोन मसाविनं घेतला. तिसरी संख्या दोन आली, की तिचा दोन कुणीच घेत नाही. "नियम मला येत होता, त्याचं कारण आज कळलं," म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

पुढच्या वर्षी त्या कायम झाल्या, पण बदली जेऊरला झाली. आई मला स्टेशनवर घेऊन गेली. "लई घोर लावून घेतलाय हिनं," ती बाईंना म्हणाली.

"माझ्यामुळं तुमचं वर्ष गेलं," मी कसंबसं बोलले.

"हे वर्षभर मनात ठेवलंस होय? अगं, तू पुसलं नसतंस, तर मी जन्मभर पोरींना अर्धवटच शिकवलं असतं की."

डब्यात बसल्यावर त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. गाडी हलेपर्यंत सोडला नाही.