बाई थंडीला घाबरल्या नव्हत्या

प्रमिलाबाई केळुसकरांना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. त्या सिल्वासाच्या मराठी शाळेत शिकवत, मी कचेरीत कारकून होतो. त्यांचं गाव वेंगुर्ल्याकडे, माझं डहाणूजवळ. त्यांच्या घरी कोण कोण होतं, त्यांनी लग्न का केलं नाही, यातलं मला काही ठाऊक नाही. डोकमर्डीला त्यांची भाड्याची खोली होती, तिथं मी एकदाही गेलो नाही. पाच वर्षांत आमचं जे बोलणं झालं ते बहुतेक कचेरीच्या खिडकीतूनच. त्यांच्यावर लिहायला माझ्याहून लायक माणसं असतील. पण ती लिहीत नाहीत, आणि जे लिहितात ते खोटं लिहितात.

शाळेच्या आठवणींच्या मागच्या अंकात कुणीतरी बाईंवर गमतीचा लेख लिहिला आहे. सिल्वासाच्या एक बाई आइसलंडला निघाल्या होत्या, त्यासाठी एप्रिलच्या उन्हात स्वेटर विणत बसायच्या, आणि ऐन वेळी थंडीला घाबरून गेल्याच नाहीत, असं त्यात आहे. तो लेख मी तीनदा वाचला. स्वेटरचं खरं आहे. शेवटचं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे सांगू शकणारा आता बहुधा मी एकटाच उरलो आहे.

हकिगत अशी. चौथीला भूगोल शिकवताना बाईंना वाटलं, की पुस्तकात आइसलंडवर चार ओळी आहेत त्या खऱ्या का खोट्या, हे तिथल्याच कुणाला तरी विचारावं. त्यांनी पत्ता लिहिला, ‘मुख्याध्यापिका, कोणतीही शाळा, आइसलंड’. तीन महिन्यांनी उत्तर आलं. गुद्रून नावाच्या शिक्षिकेचं. पुढे तीन वर्षं पत्रं चालली. सहासष्टच्या जानेवारीत गुद्रूनबाईंनी कळवलं, की आमच्या शिक्षक मंडळानं तुम्हाला दोन महिन्यांसाठी बोलवायचं ठरवलंय, बोटीचं भाडं मंडळ देईल, राहणं माझ्या घरी. मुंबईहून मेच्या मध्याला बोट, मग इंग्लंड, तिथून रेल्वेनं स्कॉटलंडचं बंदर आणि तिथून दुसरी बोट. सरकारी नोकर म्हणून बाईंना फक्त एक कागद लागत होता, कचेरीची परवानगी. तिच्याशिवाय पासपोर्टचा अर्ज पुढं सरकत नव्हता.

तयारी त्यांनी लगेच सुरू केली. जन्मभर चपला घातलेल्या बाई मुंबईहून घोट्यापर्यंतचे बूट घेऊन आल्या आणि पायांना सवय व्हावी म्हणून ते घालून शाळेत चालत येऊ लागल्या. आमचे हेडक्लार्क रमाकांत खिडकीतून ओरडले, "बाई, घोडा कुठं बांधलात?"

"तुमच्या कचेरीमागं," बाई न थांबता म्हणाल्या. "चारा घाला त्याला."

स्वेटरबरोबर लोकरीचे मोजेही त्यांनी स्वतः विणले. ते पुरतील की नाही हे बघायला वापीकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेल्या, मासळीसाठी लाद्या करायचे तिथं. मोजे आणि बूट घालून लादीवर उभ्या राहिल्या आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं. मग परत येऊन मोज्यांचा दुसरा जोड विणायला घेतला, जाड. याला भीती म्हणत असतील तर मला मराठी येत नाही.

अर्ज द्यायला त्या आल्या तेव्हा त्यांच्या शाळेतल्या नलिनीबाई सोबत होत्या. त्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, तिथं जूनमध्ये रात्रच होत नाही म्हणता. मग संकष्टी सोडणार कधी? चंद्र दिसायला नको?"

"पंचांग नेणार आहे. मुंबईचा चंद्रोदय धरीन."

"म्हणजे तिथले किती वाजले असतील?"

"दुपारचे चार. मी काढून ठेवलंय."

"दुपारी चारला उपास सोडणार? मग तो उपास कसला?"

"इथल्या लोकांना सांगू नका म्हणजे झालं," बाई म्हणाल्या आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "जयवंतराव, नीट बघा हो. काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा."

काही राहिलं नव्हतं. मी टिपण लिहिलं, की नियमांत अडचण नाही, परवानगी देता येईल, आणि फाइल साहेबांकडे पाठवली. चार दिवसांनी फाइल परत आली. साहेब शेरे इंग्रजीत मारत. मराठीत त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच, ‘चर्चा करा’.

कचेरीत काम न केलेल्यांना हे समजावून सांगायला हवं. असा शेरा आला, की ज्याचं टिपण असेल त्या कारकुनानं आत जाऊन साहेबांसमोर उभं राहायचं आणि तोंडी बोलायचं. साहेब हो म्हणाले तर तसं लिहायचं. पण आमचे साहेब हा शेरा कधी मारत, तर ज्या कागदावर हो म्हणायची हिंमत नाही आणि नाही म्हणायला कारण नाही, अशा कागदावर. कारकून आत आला नाही तर त्यांचं काही बिघडत नसे. फाइल कारकुनाच्या टेबलावर असे, उशीर कारकुनाच्या नावावर लागे. असे ‘चर्चा करा’ लिहिलेले पंधरा-वीस कागद माझ्याकडे पडलेले असत. त्याच आठवड्यात साहेबांच्या पाहुण्यांना सुरंगीच्या जंगलात शिकारीला जायला जीप हवी होती. त्या कागदावर चर्चा झाली नाही. सकाळी लिहिला, दुपारी जीप गेली.

मी आत गेलो नाही. म्हणजे दारापर्यंत तीन-चारदा गेलो. एकदा आतही गेलो. साहेबांनी वर न बघता विचारलं, "काय ते?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नंतर येतो." रमाकांत रोज जेवणाच्या सुट्टीत विचारायचे, "काय जयवंता, झाली का चर्चा? का तिकडं आइसलंडातच जाऊन करणार?" सगळे हसत. मीही हसत असे. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

बाई दर शनिवारी, शाळा लवकर सुटली की यायच्या.

"माझ्या कागदाचं काय?"

"चर्चेसाठी आहे."

"बरं," त्या म्हणायच्या आणि जायच्या.

त्यांना वाटलं, की मोठ्या माणसांची कुठंतरी चर्चा चालली आहे, कदाचित दिल्लीशी. अशा वेळी मध्ये पडलं तर काम बिघडेल, म्हणून त्या स्वतः साहेबांकडे गेल्या नाहीत. त्या गेल्या असत्या तर त्यांना दोन मिनिटं पुरली असती, हे मी आज खात्रीनं सांगतो. मी त्यांना खरं सांगितलं नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला.

एप्रिलच्या वीस तारखेला मी एकदाचा आत गेलो. बोललोही. साहेबांनी फाइल उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, "आता? एवढ्या उशिरा? आणि बाईमाणूस एकटी त्या बर्फात जाऊन करणार काय? परत आली नाही तर उत्तर कोण देणार, तुम्ही?" त्यांनी लिहिलं, की पुरेसा वेळ उरलेला नाही, कागद दप्तरी दाखल करावा. अडीच महिने वेळ होता तेव्हा त्यांनीच दोन शब्द लिहून अंग काढून घेतलं होतं, आणि आता वेळ नाही म्हणून त्यांनीच सही केली. सही मात्र झोकदार होती. हेच साहेब पुढे बढती घेऊन गेले आणि निरोप समारंभात रमाकांतांनी त्यांच्या तत्परतेवर भाषण केलं. मी हार आणायला गेलो होतो.

शनिवारी बाई आल्या. मी त्यांना नकार सांगितला. त्यांनी खिडकीची चौकट धरली.

"इतके दिवस चर्चा चालली होती ना," त्या म्हणाल्या. "कुणाशी?"

खोटं बोलायचं मला त्या दिवशी सुचलं नाही. "माझ्याशी," मी म्हणालो.

"तुमच्याशी?"

"म्हणजे मी आत जाऊन बोलायचं होतं."

"मग काय बोललात तुम्ही?"

मी फाइलची नाडी बांधायला घेतली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग असता तर बरं वाटलं असतं. त्या बघत होत्या, जसं एखाद्या मुलाला उत्तर येतंय असं वाटून फळ्याशी बोलवावं आणि त्याला येतच नसावं, तसं. मग त्या गेल्या. मेमध्ये बोट सुटली. गावात कुणीतरी उठवलं, की बाई थंडीला घाबरल्या. रमाकांतांना खरं माहीत होतं. त्यांनी ती गोष्ट खोडली नाही, उलट रंगवून सांगितली. मला माहीत होतं, मीही खोडली नाही. अंकात लेख लिहिणाऱ्यावर मी चिडतो खरा, पण त्यानं जे ऐकलं ते आम्ही तयार केलेलं होतं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये बाईंनी नोकरीचा राजीनामा दिला. कारण ‘घरगुती’ लिहिलं होतं. नोकरी नसली की कचेरीच्या परवानगीची गरज नसते, हे मला त्यांचा कागद हातात घेतल्यावर कळलं. त्या पुढे आइसलंडला गेल्या की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. राजीनामा द्यायला आल्या त्या दिवशी त्यांनी त्याच्या दोन प्रती आणल्या होत्या. एक माझ्यासमोर ठेवली आणि दुसरी हातात धरली.

"यावर पोच द्या," त्या म्हणाल्या.

मी सही करून शिक्का मारला.

"तारीख पुसट आलीय."

"पुन्हा मारतो."

"मारा."

मी शिक्का शाईत दाबून पुन्हा मारला. "आता दिसते?"

बाईंनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. "दिसते," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून निघाल्या. "येते."