हात मोजणारी मावशी

बाटल्यांच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या नजरेने मोजण्यात मावशीची बावीस वर्षं गेली होती. त्यामुळे युनियनच्या सभेत हात मोजायचं कामही तिच्याच गळ्यात पडलेलं. चहाच्या सुट्टीपासून संपापर्यंत एकही ठराव तिने स्टुलावर चढून हात मोजल्याशिवाय वहीत गेला नव्हता.

आणि आज सकाळी तिने पेपरात वाचलं, की तिच्या युनियनच्या साडेचारशे सभासदांनी एका पक्षाला एकमुखाने पाठिंबा दिलाय. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी कँटीनमधल्या सभेत अध्यक्ष समजावू लागले, "मावशी, निवडणूक तोंडावर आलीय. एकेकाला विचारत कुठे बसणार?"

"चहाच्या सुट्टीसाठी बसला होतात की," असं म्हणत ती स्टूल ओढून वर चढली. "या पाठिंब्याबद्दल ज्यांना विचारलं होतं, त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही. तरी तिने पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सावकाश नजर फिरवली. मोजणीत हयगय तिला खपत नसे.

"शून्य," तिने सेक्रेटरीला सांगितलं. "लिहा वहीत. आणि हा आकडाही पेपरात द्या."