येतानाची हवा

टणकरावांना हे नाव पंक्चरवाल्याने दिलं. त्याच्या दुकानापुढे पिकअप थांबली की खिडकीतून एक हात बाहेर यायचा आणि हुकूम सुटायचा, "टणक भर रे!" पुढे किती, मागे किती, हे विचारायची सोय नव्हती. हवा भरून झाली की साहेब खाली उतरणार, चारही टायरांना एकेक लाथ घालणार आणि अंगठा चांगला ठणकला तरच खूश होऊन मान हलवणार. त्यांना दुसरं एक नाव होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं आणि बायको तर आयुष्यभर "अहो" वरच भागवत आली होती.

गावाबाहेरच्या तुकड्यावर बायकोची रोपवाटिका होती. लावणं, कलम करणं, खतमाती कालवणं हे सगळं तिचं. टणकरावांकडे गाडी. सकाळी कुंड्या आणि मातीची पोती रचून दोघं बाजारात जायची, माल विकायची आणि रिकाम्या गाडीने परत यायची. गाडी नवी असल्यापासून स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. पोटच्या मुलाने एकदा किल्ली मागितली तर "बापाला निवृत्त करतोस काय?" म्हणून असे काही भडकले, की त्याने सरळ हप्त्यावर मोटारसायकल घेतली.

आता टणक हवेचं त्यांचं अगदीच चुकत होतं, असंही नाही. मागे ओल्या मातीची पोती असताना टायर मऊ असले तर ते बसतात, तापतात आणि नको तिथे दगा देतात. त्यामुळे जाताना सगळं झकास. पण तीच हवा येताना? मागचा हौदा रिकामा, टायर दगडासारखे, आणि रस्त्याबद्दल तर बोलायलाच नको. पत्र्याच्या डब्यात दोन लिंबं टाकून डबा हलवावा, तशी ही दोघं घरी यायची. टणकरावांच्या मते गाडीचा रुबाब तोच. हवा कमी केलेली गाडी त्यांना पोट सुटलेल्या पैलवानासारखी वाटायची.

बायको गाडीत बसताना एक रिकामं पोतं चौपदरी करून सीटवर टाकायची आणि मग बसायची. मातीकामाची माणसं आपले कपडे जपतात, हे टणकरावांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

आणि एक दिवस बाजार आटोपल्यावर ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी बसने येते."

"का गं? काय झालं?"

"धक्के बसतात हो. हाडं खिळखिळी झाली माझी."

"बसमध्ये काय पाळण्यात झोपवतात?"

"बसमध्ये खिडकीची जागा मिळते," ती म्हणाली आणि पिशवी उचलून चालायलाही लागली.

एखाद्या दिवसाचा रुसवा असेल, असं टणकरावांना वाटलं. पण ती रोजच बसने येऊ लागली आणि वर घरी आल्यावर बसचं कौतुकही सांगू लागली. कंडक्टर काय सभ्य, ड्रायव्हर काय सांभाळून चालवतो! एका बाईने तर गुलाबाच्या किडीवर तिचा सल्ला घेतला म्हणे. टणकराव जेवता जेवता ऐकायचे आणि त्या ड्रायव्हरचं तोंडही न पाहता त्याच्यावर जळायचे.

खरी गोष्ट अशी, की त्या परतीच्या रस्त्याइतका निवांतपणा त्यांना कुठेच नव्हता. घरात मुलगा, सून, नातवंडं, टीव्ही; एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानावर पडेल तर शपथ. बायको बोलायची ती गाडीत. कोणतं गिऱ्हाईक भाव करता करता रडकुंडीला आलं, कोणत्या बाईने जिवंत रोप नेऊन महिन्याभरात मारलं, सगळं सांगायची. टणकराव नुसतं "हूं" म्हणायचे. आता शेजारची सीट रिकामी आणि एकदा तर त्या रिकाम्या सीटकडे बघून ते सवयीने "हूं" म्हणाले. मग स्वतःशीच ओशाळले. त्यांना बायकोची फार आठवण येत होती, आणि बायको तर मागच्या बसमध्येच होती!

शेवटी त्यांनी पंक्चरवाल्यापुढे गाडी लावली. या वेळी हुकूम नाही. खाली उतरून, इकडेतिकडे बघून, खालच्या आवाजात विचारलं, "का रे, येताना हवा किती ठेवावी?"

पंक्चरवाल्याच्या हातातला पाना खाली पडला. सावरून त्याने गाडीचं दार उघडलं आणि चौकटीवरचा स्टिकर नखाने खरवडला. टणकरावांनी हौसेने लावलेलं ते जास्वंदीचं चित्र होतं. त्याखालून कंपनीचा तक्ता निघाला: माल भरलेला असताना मागे पासष्ट, रिकामी असताना चाळीस.

"हे इथे लिहिलंय?" टणकराव म्हणाले.

"गाडी आली तेव्हापासून. आणि काका, हवा टायर थंड असताना मोजायची. पळून आलेला टायर तापलेला असतो, तो जास्तच दाखवणार. बरं, येताना गाडीत असतं काय काय?"

"मागे काही नाही. पुढे मी, आणि... ती."

"मग काकूंचं वजन किती?" पंक्चरवाला गंभीर चेहऱ्याने म्हणाला. चेष्टा करत होता मेला. पण टणकरावांना हवेच्या बाबतीत चेष्टा कळत नसे.

घरी सगळे जेवायला बसलेले असताना त्यांनी विषय काढला. "अगं, तुझं वजन किती असेल?"

सून ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला.

"का?" बायको म्हणाली. "पोत्यात भरून विकायचंय?"

"तसं नाही गं. हवेचा हिशेब बसवायचाय. येताना टायर जरा मऊ ठेवीन म्हणतो." इथे त्यांचं घोडं अडलं. पुढचं वाक्य अशा घरात, एवढ्या माणसांत बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण बोलले. "रिकाम्या गाडीत करमत नाही मला."

टीव्हीचा आवाज आपोआप कमी झाला. स्वयंपाकघराच्या दारामागे बांगड्या वाजल्या. बायकोने पाण्याचं भांडं उगाचच इकडचं तिकडे केलं आणि म्हणाली, "वजनाचं सोडा. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी माल उतरला. टायर थंड होईपर्यंत टणकराव गाडीच्या सावलीत बसून राहिले, आणि मग मागच्या चाकाशी उकिडवे बसले. व्हॉल्व्ह दाबला. फुस्स... प्रत्येक फुस्सला त्यांचा चेहरा असा होत होता, जणू त्यांच्याच अंगातून काही निघून जातंय. उद्या पहाटे माल भरण्याआधी हीच हवा पायपंपाने पुन्हा भरायची होती, आणि तो पंप मारताना शेजारपाजारचे मजा बघणार, हेही त्यांना माहीत होतं. पंक्चरवाल्याकडून आणलेल्या हवामापकाचा काटा दोन्ही चाकांवर चाळीसला आला तसे ते उठले. लाथ मारायला पाय उचलला होता, तो खाली ठेवला.

बायकोने पोतं चौपदरी केलं, सीटवर टाकलं आणि ती बसली. गाडी निघाली. खड्डे तेच होते, पण मागचा हौदा आता उड्या मारत नव्हता. टणकराव कान टवकारून वाट बघत होते. नाक्यापर्यंत ती गप्पच. मग म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं होतं. कितीदा सुरुवात केली, की तेवढ्यात गाडी आदळायची आणि माझं राहायचं."

"हूं," टणकराव म्हणाले. किती दिवसांनी म्हणाले!

"मला गाडी शिकवा."

गाडी आपसूक रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. शेजारी मोकळं मैदान होतं. टणकरावांनी एकदा स्टिअरिंगकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. 'नाही' हा शब्द जिभेवर तयारच होता, मुलासाठी घडवलेला, चांगला टणक. पण उद्या ही पुन्हा पिशवी उचलून बसथांब्याकडे चालू लागली तर? त्यांनी गाडी मैदानात घेतली आणि दार उघडून ते खाली उतरले.

दोघांनी जागा बदलल्या. उतरताना बायकोने सवयीने पोतं बरोबर उचलून नेलं. ते ड्रायव्हरच्या सीटवर टाकून ती बसली आणि दचकून पुन्हा उठली. "अगंबाई! इथे तर गादी आहे!"

"मग? असणारच," म्हणत टणकराव तिच्या जागेवर बसले आणि "आई गं!" करून उडाले. सीटचा स्पंज कधीच मेलेला होता. वरच्या रेक्झिनखाली एक लोखंडी पट्टी आडवी आलेली होती, आणि ती नेमकी नको तिथे टोचत होती. इतक्या वर्षांत आपल्या गाडीच्या या बाजूला ते एकदाही बसले नव्हते.

बायकोने क्लच सोडला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पट्टीने टणकरावांना पुन्हा एकदा आपली ओळख करून दिली.

"तू बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"बोलले की. धक्के बसतात म्हटलं."

"मला वाटलं, हवेमुळे."

"हवा तुम्ही म्हणालात. मी कुठे म्हणाले?"

टणकरावांनी हात खाली घालून ती पट्टी चाचपून पाहिली. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग जरा उठून तिने आपल्याखालचं पोतं ओढून काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"चौपदरी करा," ती म्हणाली. "दोन पदरांनी भागत नाही." आणि तिने किल्ली फिरवली.