एरंडेल लावलेले मूग

गाडेकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत काचा पुसत होते. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता माफी कुणाकडे मागू...

सर भोकरदनला आमच्या कॉलेजात गणित शिकवायचे. मी प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पीएचडीचं खूळ घेतलं. एकाच बरणीतल्या मुगांवर तांबडे आणि काळे, असे दोन जातींचे भुंगे सोडायचे आणि कोण टिकणार ते समीकरणानं आधीच सांगायचं. "बाई, दोघंही परक्यापेक्षा आपल्याच भाऊबंदाला जास्त नडत असले, की दोघंही जगतात," एवढ्यात त्यांनी मला सगळं समजावलं. समीकरण म्हणत होतं, दोन्ही जाती टिकतील. मोजायचे मी. आणि बरण्यांत तांबडे भराभर संपत चालले होते!

सरांना वाटलं, आपलंच गणित चुकलं. महिनाभर खपून त्यांनी समीकरणातले आकडे बदलले, प्रकरण नव्यानं लिहिलं. विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ संपत आली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मध्यंतरी मूग संपले म्हणून मी घरचे टाकले होते. आईनं कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळलेले. धुतले होते की मी, चांगले दोनदा! पण एरंडेल ते, जातंय कुठलं... काळे त्यातूनही तगले, तांबड्यांना ते बाधलं.

आठ दिवस मी गप्प बसले. एवढी भित्री मी कधीच नव्हते. शेवटी सर प्रबंधाच्या प्रती घेऊन संभाजीनगरच्या बसला निघाले, तेव्हा स्टँडवर पळत गेले. "सर, आपण चुकीचं देऊन राह्यलो," म्हटलं आणि मुगाचं सांगून टाकलं. सर बसच्या पायरीवरच थांबले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मास्तर, चढा न्हाईतर उतरा!"

सर उतरले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मंग समीकरण बराबर हाय," एवढंच म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

मुदत गेली, पदवी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी घरीच नव्यानं बरण्या मांडल्या, पण मला एकदाही बोलावलं नाही. म्हातारा डूख धरून बसलाय, असंच मी समजत राहिले.

तेरवीनंतर सरांच्या घरी काकूंनी, त्यांच्या बायकोनं, एक वही हातात दिली. "तुमच्यासाठी ठिवली व्हती त्यांनी." शेवटच्या पानावर लिहिलं होतं: दोन्ही जाती जिवंत. आणि त्याखाली: पहिल्या प्रयोगातले मूग मी तपासले नाहीत. चूक माझी.

काकूंसमोरच मी ओरडले, "खोटं आहे, सर! ते मूग मी टाकले होते!"